चिमूटभर कमी

१२ मे

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं वाचलं, आणि माझ्यासाठी मागच्या खोलीला नवे पडदे लावलेस तेही वाचलं. पडद्याच्या कापडाचा तुकडा पाठवला होतास, तो उजेडात धरून पाहिला. कापड बरं आहे. तुकड्याच्या कडेची शिवण तिरकी गेली आहे, पडद्यांचीही तशीच असेल, ती उसवून घे.

"महिनाअखेरीला नक्की ना, ताई?" असं विचारतेस. तुझे यजमान गेले तेव्हा मीच म्हणाले होते की आपण दोघी म्हाताऱ्या आता एका छपराखाली राहू. तो शब्द मी विसरलेली नाही. पण पेटी अजून माळ्यावरच आहे. का, ते सांगते. आधी घोटभर पाणी पी.

सुनेचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, नीट झालं. वजनाचं ऑपरेशन. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवतात म्हणे, म्हणजे माणूस खातोच कमी. शाळेला सुट्टी आहे तेवढ्यात उरकून घेतलं, कारण शाळा उघडली की चारशे पोरांचं जेवण तिच्या अंगावर. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य आहे, हे मी तुला मागे सांगितलंच होतं.

आधी कळवलं नाही, कारण तिनेच बजावलं होतं. "आई, कुणाला बोलू नका. लोक आधी सल्ले देतात आणि मग हसतात." फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडावं तर आमच्या भिंती अशा की मजकूर तुझ्याआधी सगळ्या इमारतीला कळेल. म्हणून हे पत्र.

मी काय म्हणाले असेन ते तुला सांगायला नको. "तोंडाला कुलूप घातलं असतंस तर पोटाला कात्री लागली नसती," असं म्हणाले. तर ती शांतपणे म्हणते, "आई, कुलूप बारा वर्षं घालून पाहिलं. दरवेळी किल्ली सापडते." साखर वाढलेली, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकातोंडावर मास्क लावून झोपायची. डॉक्टरांनी तीनदा समजावलं, चौथ्यांदा तिनेच सही केली.

आमचे चिरंजीव म्हणजे काय विचारू नकोस. लांब पल्ल्याची बस डोंगरातल्या वळणांवरून एका हाताने चालवतो, पण सुई दिसली की पाचावर धारण. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या घेरी येऊन पडला. नर्स धावल्या त्या पेशंटकडे नाही, पेशंटच्या नवऱ्याकडे. मग उशाशी बसायला कोण? मी.

आणि बसले म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी सांगितलं, उठून चालायचं. त्या दालनात आणखी दोघी होत्या, त्यांनी पांघरूण तोंडावर ओढलं. ही उठली. भिंतीची दांडी धरली, ओठ आवळले आणि बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आली. चेहरा पांढराफटक, पण हाय नाही की हूं नाही. पाणी द्यायचं ते औषधाच्या टोपणातून, एक घोट, मग थांबायचं. तेवढं पाणी मी खिडकीत चिमणीलाही ठेवत नाही. ती ते टोपण दोन्ही हातांनी धरून, सावकाश, शहाण्या मुलासारखी प्यायची.

मी काही बोलले नाही. आता मी काही बोलले नाही याचा अर्थ तुला ठाऊक आहे. तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसले. लाकडी पावलावर मोजा चढवायचा, फिरवायचा, टाका सुटला असेल तर ओरडून डाव्या टोपलीत टाकायचा. चांगल्या मोज्याशी कुणी बोलत नाही, तो मुकाट्याने उजव्या टोपलीत जातो. मला तीच सवय. सुनेने पंधरा वर्षांत तेवढं तरी ओळखलं असेल असं समजते.

तेव्हा या महिन्यात नाही. ती जरा उभी राहिली की येते.

तुझी ताई


२२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातली एक पत्त्याची. म्हणजे फुगली आहेस. लहानपणी फुगलीस की माडीच्या जिन्यात बसायचीस, आता कार्ड पाठवतेस, एवढाच फरक.

अगं, पण इथे माझी काय तारांबळ उडाली होती ते ऐक. पहिले दिवस नुसतं पातळ, मग गाळलेलं, मग वाटलेलं. जे शिजवावं ते मिक्सरमध्ये. बटाटा असो, मटार असो, कोंबडी असो, शेवटी सगळ्यांची गत एकच. पंधरा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं आणि दोष काढले. आता मी करते आणि ती चमचाभर जिभेवर घोळवून म्हणते, "आई, एक गुठळी राहिली." शिकली कुणाकडून म्हणायचं!

जेवायला नातीची लहानपणची वाटी आणि तिचाच चमचा. आता कुठे मऊ अंडं आणि मासा सुरू झाला आहे. तो एवढासा तुकडा ती इतका वेळ चावते की आमची नात समोर बसून गृहपाठ संपवते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मध्ये घाई केली की छातीत दाटतं, मग न्हाणीघरात धावायचं. दोनदा झालं तसं. तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चूक माझी, भरभर गिळलं." पोटाला दोष नाही, डॉक्टरला दोष नाही, मला तर नाहीच.

शेजारीण भेटायला आली. सगळं घर डोळ्यांनी मोजून झाल्यावर म्हणाली, "सोपा मार्ग काढला हो तुमच्या सुनेने." मी म्हटलं, "बसा ना." औषधाचं टोपण भरून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "हे एक पेलाभर पाणी या टोपणाने प्या. प्रत्येक घोटानंतर थांबायचं. संपेपर्यंत गप्पा मारू." चौथ्या टोपणाला तिला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

पण एक दिवस तिचा धीर सुटला, तेही सांगते. नातीसाठी ताजा पाव आणला होता. दुपारी मी उठले तर स्वयंपाकघरात ही त्या पावाशेजारी बसून रडते आहे. पावाला हात लावलेला नव्हता. म्हटलं, "भूक लागली का गं?"

"भूक नाही, आई. कामावरून आले की मी पाव आणि लोणी घेऊन खिडकीत बसायचे. दिवसभरात तेवढी एकच वेळ माझी असायची. पोट लहान केलं, पण ती वेळ तेवढीच राहिली. तिचं मी काय करू?"

मला शहाणपणाचं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी माझी खुर्ची ओढून खिडकीत तिच्या खुर्चीला लावली आणि खाली रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या चालीतले दोष काढायला लागले. एकाची टाच घासते, एक खांदा पाडून चालतो, एक बाई तर बदकच. हिला आधी हुंदका आला, मग हसू आलं, मग पोटाचे टाके ओढले म्हणून दोन्ही एकदम थांबलं. आता रोज ती वेळ झाली की आम्ही दोघी खिडकीत. खायला काही नसतं. रस्ता असतो.

शिवाय दर मंगळवारी इस्पितळाच्या तळघरात एक बैठक असते. असं ऑपरेशन झालेले सगळे गोल खुर्च्या मांडून बसतात आणि मधे ती नर्सबाई. नियम असा की प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं. चिरंजीव मंगळवारी गाडीवर असतो, म्हणजे पुन्हा मी. मी म्हटलं, आपण कोपऱ्यात बसू, विणकाम करू. पण तिथे एक टॅक्सीवाला आहे. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, तरी जुनी विजार टॅक्सीच्या डिकीत घेऊन हिंडतो आणि नवीन माणूस दिसला की काढून दाखवतो. त्या विजारीत आमचं अख्खं कुटुंब मावेल. तोच माणूस परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "विजार सैल झाली, पण आरशात अजून तोच जाडा दिसतो. त्याला मी रोज गुड मॉर्निंग करतो." कुणी हसलं नाही. मग सुनेने त्याला विचारलं, "तो उत्तर देतो का?" त्यावर तो स्वतःच इतका हसला की डोळे पुसावे लागले. अशी आहे ती. स्वतःचं ओझं खाली ठेवायला जाते आणि येताना दुसऱ्याचं थोडं हलकं करून येते.

शाळा सुरू झाली, पुढच्या आठवड्यात ती कामावर जाईल. मग माझं इथे काय काम? पुढची तपासणी झाली की येतेच.

पडद्याची शिवण उसवलीस का?

तुझी ताई


३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या खेपेला "येतेच" लिहिलं होतं, आणि आता पुन्हा नाही म्हणायची वेळ आली आहे, म्हणून पत्राला उशीर केला. पण यावेळी कारण असं आहे की वाचून तूही कपाळाला हात लावशील.

ऑपरेशननंतर काहींची चव बदलते म्हणे. हिची बदलली. गोड इतकं गोड लागतं की शिसारी येते, आणि मीठ म्हणजे जिभेवर सुई टोचल्यासारखं. नर्सबाई म्हणाल्या, होतं असं, काही महिन्यांत बहुतेकांचं ठीक होतं. पण या बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. मुख्य आचारीण, तिची जीभ म्हणजे त्या घराचा कायदा. अकरा वर्षांत तिच्या मिठाला कुणी नाव ठेवलेलं नाही. मी सोडून.

तर कामावर परतली त्या आठवड्यातली गोष्ट. भलं मोठं पातेलं, वाटाण्याचं सूप. तिला चाखून खारट लागलं म्हणून तिने मीठ घातलं अगदी नावाला. तिच्या हाताखाली तिघी आहेत. एक बटाटे सोलते, एक भांडी घासते, एक वाढते. बटाटेवालीने चाखलं, अळणी. तिला वाटलं, बिचारी आजारातून उठून आली आहे, कशाला बोलून दुखवायचं? पाठ फिरल्यावर मूठभर मीठ टाकलं. भांडीवालीने चाखायच्या आधीच ठरवलं, कारण सुनेने नावाला मीठ घातलेलं तिने पाहिलं होतं. तिनेही मूठभर टाकलं. वाढणारीने आदल्या दिवशीचं सूप कमी मिठाचं झाल्याचं पोरांकडून ऐकलं होतं, तिने न चाखताच टाकलं. तिघींनी मायेने, तिघींनी चोरून, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे समुद्र झाला.

आमची नात त्याच शाळेत. घरी आली आणि दप्तरही न ठेवता म्हणाली, "आजी, आज सूपमध्ये पोहता आलं असतं."

चारशे वाट्या तशाच परत आल्या. मुख्याध्यापिकांनी स्वतः चमचाभर घेतला आणि मग सुनेला बोलावलं. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "मला तुमची काळजी आहे, पण पोरं उपाशी राहिली. पंधरवडा बघते. नाहीच जमलं तर तुम्ही भाजी निवडायला बसा, चुलीवर दुसरी कुणी आणते."

धाकटे, मी या मुलीला ऑपरेशननंतर पाहिलं, दुखताना पाहिलं, ओकताना पाहिलं. पण त्या संध्याकाळी ती खिडकीत येऊन बसली तशी कधी पाहिली नव्हती. हात मांडीवर उपडे ठेवलेले, आपले नसल्यासारखे. म्हणाली, "आई, वजन कमी करायला गेले आणि हातच कमी झाला. मला एवढं एकच येतं."

रस्त्यावरून तो खांदा पाडून चालणारा गेला. त्याच्या चालीला त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही.

मंगळवारी बैठकीत तिने हे सगळं सांगितलं. लपवलं नाही, तिघींना दोष दिला नाही. "मीच त्यांना सांगितलं नाही की मला चव कळत नाही. त्यांनी मला जपलं, मी त्यांना भरवसा दिला नाही," असं म्हणाली. मला सांग, नोकरी टांगणीला लागलेली असताना किती जणी असं बोलतील? मी तर नसते बोलले. नर्सबाईंनी विचारलं, "तोपर्यंत तुमच्यासाठी चाखणारं घरी कुणी आहे का?" आणि सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "म्हणजे सुनेच्या स्वयंपाकात दोष काढायला मला सांगताय? पगार काय देणार?" सगळे हसले. टॅक्सीवाल्याने तर टाळी वाजवली. सून एकटी हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई नेमकं सांगतील. खोटं कौतुक त्यांना येतच नाही. पंधरा वर्षांत मला एकदासुद्धा 'छान झालंय' म्हणाल्या नाहीत. मला आत्ता असंच माणूस हवंय. याल का, आई?"

पंधरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. बांगडी नाही, साडी नाही, मागितली ती माझी जीभ. जिच्यापायी ती कितीदा ताटावरून उठून आत गेली असेल, तीच.

मुख्याध्यापिकांची परवानगी काढली. आता सकाळी मी तिच्याबरोबर जाते. डोक्याला टोपी, अंगावर ॲप्रन, कोपरापर्यंत हात धुवायचे. पातेली एवढी की त्यात मी बसले तर टोपीच दिसेल. पहिल्या दिवशी ती डाव वर करून माझ्यापुढे उभी राहिली, तिघी मागे श्वास रोखून. मी चाखलं. म्हटलं, "अळणी." तिने मीठ घातलं, ढवळलं, थांबली. "अजून." घातलं. "काळी मिरी कुठे गेली?" मिरी आली. पुन्हा चाखलं आणि मी गप्प बसले.

ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग झाकण ठेवलं आणि पुढच्या पातेल्याकडे वळली. विचारलं नाही, "बरं आहे का?" म्हणून. माझं गप्प बसणं तिला वाचता येतं, धाकटे. केव्हापासून येत होतं कोण जाणे.

त्या दिवशी वाट्या रिकाम्या परत आल्या. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्यांदा घेतलं. आता पंधरवडा झाला, चूल तिच्याकडेच राहिली, पण जीभ अजून परतलेली नाही. तोवर तिला एकटी टाकून येऊ कशी, तूच सांग.

तुझी ताई


७ डिसेंबर

प्रिय धाकटे,

यावेळी आशीर्वाद शेवटी देईन. तुझं पत्र आलं आणि चार दिवस मी ते उघडून बंद करते आहे. "ताई, येणार नसशील तर तसं सरळ लिही. वाट बघायला सांगू नकोस. खोली भाड्याने देऊन टाकते." बरोबर आहे तुझं. चहा घेताना दोन कप काढतेस आणि एक परत ठेवतेस, असं लिहिलंस. ते वाचल्यापासून मलाही चहा गोड लागत नाही.

सरळ लिहिते. पण आधी इथलं सांगू दे, नाहीतर सरळ लिहिलेलं तुला वाकडं वाटेल.

मधल्या महिन्यांत सुनेचे केस गळाले. मुठीमुठीने. ऑपरेशननंतर होतं म्हणे तसं, पुन्हा येतात. कंगवा साफ करायची, गोळ्या घ्यायची, टोपी घालायची आणि कामाला लागायची. मग वजन एका जागी अडून बसलं, काट्यावर काही केल्या हलेना. मी म्हटलं, "आता गं?" तर म्हणाली, "आता तेही जरा बसलंय, आई. उठेल." उठलं. श्वासाचा मास्क कपाटात गेला, साखरेच्या गोळ्या जवळजवळ गेल्या. आमच्या इमारतीचा जिना ती पिशव्या घेऊन चढते आणि वर जाऊन माझी वाट बघते. चिरंजीवाने पाळी बदलून घेतली आणि एका मंगळवारी बैठकीला आला. दाराजवळच्या खुर्चीत बसला, पळून जायला सोपं म्हणून. त्याची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मला बघवत नव्हतं. हिने केलं." एवढंच बोलला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

आता मुद्द्याचं. तिची जीभ परत आली. हळूहळू येत होती, मला दिसत होतं. मी "मीठ" म्हणायच्या आधी तिचा हात डब्याकडे जायला लागला होता. मी ते तुला लिहिलं नाही. मधे दोन पत्रं लिहिली, त्यात हवा लिहिली, भाजीचे भाव लिहिले, हे नाही लिहिलं.

तिनेही ओळखलं होतं. गेल्या आठवड्यात माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. आत तुझ्या गावचं तिकीट. "आई, मावशींना तुम्ही शब्द दिलाय. सहा महिने माझ्यापायी अडकलात. आता मला जमेल." माळ्यावरची पेटीही काढून पुसून ठेवली होती. अशी पोर. मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं, तुझी कार्डं टेबलावर पडलेली बघून तिने जे समजायचं ते समजून घेतलं. मी म्हटलं, "हं."

गुरुवारी स्वयंपाकघरात गेले, तर सूप तयार. मीठ घालून, झाकण ठेवून. मला न विचारता असं पहिल्यांदाच. तिने डाव पुढे केला. तिघी नेहमीसारख्या मागे उभ्या.

मी चाखलं. धाकटे, त्यात काही कमी नव्हतं आणि काही जास्त नव्हतं. मीठ, मिरी, दाटपणा, सगळं जिथल्या तिथे. आईच्या हातचंही असं मला आठवत नाही, आणि तू रागावू नकोस, तुझ्याही नाही. मी दुसरा घोट घेतला तो चाखायला नव्हताच.

आता नियमाने मी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसले की पास. आणि पास झालं की माझं काम संपलं, ॲप्रन खुंटीला, पेटी गाडीत. तीस वर्षांत चांगला मोजा मी कधी डाव्या टोपलीत टाकला नाही. साहेबांनी माल परत पाठवायचा म्हणून एकदा तसं करायला सांगितलं होतं, तेव्हा कामावरून उठून घरी आले होते. तुला आठवत असेल, आईने तुझ्याकरवी मला परत कामावर पाठवलं होतं.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चिमूटभर कमी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने आधी चाखलेलं होतं, तिला ठाऊक होतं. मला वाटलं, आता म्हणेल, "नाही आई, बरोबर आहे." तिघींसमोर म्हणाली असती तरी तिचंच खरं होतं. तिने मिठाचा डबा उघडला. हात आत घातला, बाहेर काढला, पातेल्यावर धरला आणि बोटं चोळली. माझी नजर म्हातारी झाली असेल, पण सुटलेला टाका अजून दिसतो. तिच्या बोटांतून काहीही पडलं नाही. चिमूट रिकामी होती.

तिने ढवळलं. पुन्हा डाव माझ्यापुढे धरला. "आता?"

मी चाखलं आणि गप्प बसले.

"उद्या जरा लवकर या, आई," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "उद्या माशाचं आहे. त्याचं मीठ मला अजून नीट कळत नाही."

माशाचं मीठ तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तर हे आहे, धाकटे. तपासणी, पंधरवडा, जीभ, ही सगळी कारणं खरी होती आणि तरीही ती कारणं नव्हती. मी कायमची राहायला येत नाही. मला इथे त्या मुलीची माया लागली आहे, या वयात, आणि तिलाही माझी असावी, नाहीतर रिकामी चिमूट कोण घालतं? तू म्हणशील, सख्ख्या बहिणीपेक्षा सून जवळची झाली. जवळची नाही गं. नवी झाली. तुझ्याशी माझं सत्तर वर्षांचं आहे, ते कुठे जात नाही. हिच्याशी आत्ता सुरू झालंय आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे.

खोली भाड्याने देऊ नकोस. ते तिकीट मी बदलून आणलं. पुढच्या सुट्टीत, शाळेचं स्वयंपाकघर बंद असतं तेव्हा, पुरता महिना तुझ्याकडे. यावेळी जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं काढली आहेत, म्हणजे तुला वाट बघायला नको आणि खोटी आशाही नको. सून म्हणते, चार दिवस तीही सोडायला येईल. तिच्यासाठी लहान वाटी काढून ठेव. जेवताना पाणी पुढे करू नकोस, आणि "एवढंसंच?" असं चुकूनही म्हणू नकोस. दुपारी आम्हा दोघींना खिडकीत दोन खुर्च्या लागतात. तू आपली तिसरी ओढ.

एक काम कर. हे पत्र वाचून झालं की जपून ठेव, पण तिला दाखवू नकोस. गुरुवारचं सूप छान झालं होतं. बघ, लिहिला तो शब्द. आज तुला लिहिला, तर पेटी बांधायच्या आधी कधीतरी तिच्यासमोर तोंडातूनही निघेल.

पडदे आहेत तसेच राहू देत. शिवण तिरकी असली तरी चालेल.

अनेक आशीर्वाद,
तुझी, आणि आता तिचीही,
ताई